लिखाणाचा खाडा: घरसंसारात लिहू पाहणाऱ्यांसाठी

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कॅलेंडर लटकलेलं असतं. दूध आलं नाही की त्या तारखेवर पेन्सिलीने 'खा' लिहायचं, हा सासूबाईंचा जुना शिरस्ता. महिनाअखेर दूधवाला पैशाला आला की कोणी तीस दिवसांचं दूध मोजत बसत नाही. रोजचं ठरलेलं एक लिटर, त्यातून खाडे वजा, हिशोब संपला. दूध येणार हे धरलेलंच असतं. लिहून ठेवायचं ते न आलेलं.

सात-आठ वर्षांपूर्वी मी त्याच कॅलेंडरवर 'खा'च्या शेजारी 'लि' लिहायला लागले. लि म्हणजे त्या दिवशी लिखाणाचा खाडा. पहिल्या महिन्यात तेवीस 'लि' झाले. सासूबाईंनी चष्मा लावून ते मोजले आणि विचारलं, "अगं, हा लि कोण? लिंबूवाला लावलास की काय?"

तोवर मी उलटं करत होते. लिहिलं त्या दिवशी डायरीत चांदणी काढायची. महिन्याला चार चांदण्या दिसल्या की वाटायचं, वा, चार दिवस लिहिलं. लिहिणं हा सण होता आणि न लिहिणं हा रोजचा दिवस. चांदण्या बंद करून खाडे मांडायला लागले तेव्हा कुठे गाडी जरा रुळावर आली. म्हणून नव्याने लिहू पाहणाऱ्या कोणालाही मी पहिलं काम हेच सांगते: चांदण्या काढू नका, खाडे मांडा.

मी काही लिखाणावर जगत नाही. मिरजेत घर, एका पतसंस्थेत नोकरी, दोन मुलं, सासूबाई, आणि नवऱ्याची एमआयडीसीत शिफ्टची ड्यूटी. एवढ्या काळात दिवाळी अंकांत अकरा कथा छापून आल्या, त्याहून जास्त परत आल्या. या अकरा कथा घर चालवता चालवता कशा झाल्या, तेवढंच खाली मांडते. तुम्हाला कथा नसेल लिहायची, आठवणी, कविता, आईच्या रेसिपींची वही लिहायची असेल, तरी पायऱ्या बहुतेक याच.

एक शब्दाची गंमत आधीच सांगून टाकते. 'वेळ काढणे'चे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक, सवड करणे. दुसरा, कसाबसा काळ ढकलणे, त्यावरून वेळकाढूपणा. घरातली माणसं लिहिणाऱ्याकडे दुसऱ्या अर्थाने बघतात, आणि आपण पहिल्या अर्थाने बोलत असतो. निम्मी भांडणं इथेच होतात.

पायरी पहिली: आठवडाभर नुसतं बघा

पहिल्या आठवड्यात लिहूच नका. वहीच्या मागच्या पानावर दिवसाची नोंद ठेवा. मिनिटं मोजायची नाहीत. दोनच गोष्टी टिपायच्या: हात कुठे होते आणि डोकं कुठे होतं.

माझ्या एका मंगळवारची नोंद अशी होती. ५.४०, नळाला पाणी आलं: हात बादलीत, डोकं मोकळं. ६.१५ ते ७.३०, डबे: हातही अडकले, डोकंही. (पोळ्या लाटताना कथा सुचते असं ज्या म्हणतात त्यांच्या घरी साडेसातची स्कूल रिक्षा येत नसावी.) ९.५०, पतसंस्थेत जायची बस: दोन्ही मोकळं, पण उभ्याने. दुपारी काउंटरवर गर्दी नाही: हात मोकळे, डोकं व्हाउचरमध्ये. संध्याकाळी ६ ते ७, धाकटीच्या गणिताच्या क्लासबाहेर स्कूटरवर बसून: दोन्ही मोकळं. रात्री मेथी निवडणं: हात अडकलेले, डोकं मोकळं.

आठवडा संपला की पान बघा. नवीन माणूस फक्त दोन्ही मोकळं असण्याची वेळ शोधतो. ती आठवड्यात तास-दीड तास निघते, तेवढ्यात काय होणार म्हणून तो वही मिटतो. खरा साठा हात अडकलेले आणि डोकं मोकळं या खान्यात असतो. माझ्या आठवड्यात तिथे नऊ तास निघाले. भाजी निवडणं, कपडे वाळत घालणं, इस्त्री, गिरणीत दळणाची रांग, रेशनची रांग, भांडी.

आणि या खान्यात लिहिणं आपल्याकडे नवं नाही. जात्यावरची ओवी याच वेळेत झाली. हात खुंट्याला, पहाटेचा अंधार, तोंड मोकळं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बायकांपैकी कोणाकडेही लिहायला वेगळा वेळ नव्हता. बहुतेकींना लिहिता येतही नव्हतं. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींनाही अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचत गेल्या.

पण त्यांची गाणी आपल्यापर्यंत कशी आली, ते बघा. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि नात्यातल्या एकाने ती वेळोवेळी वहीत उतरवून ठेवली होती. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. सुचणं ओट्यापाशी होतं, पण कोणीतरी ते उतरवून घ्यावं लागतं. तुमच्या घरी सोपानदेव नसेल तर फोन आहे.

पायरी दुसरी: अडकलेल्या हातांना एक गाठ द्या

मेथी निवडायला बसताना 'आता कथेचा विचार करू' म्हटलं की डोकं विजेच्या बिलावर जातं. विचार करायला बसवता येत नाही, पण गाठ सोडवायला देता येते. सकाळीच एक प्रश्न ठरवून घ्या आणि तो बारीक ठेवा. 'कथेचा शेवट काय?' हा प्रश्न मेथीच्या एका जुडीत सुटत नाही. 'दार वाजलं, वहिनी घरात होती, तरी तिने उघडलं का नाही?' हा सुटतो. मी तो प्रश्न डब्याच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर लिहायचे. आता फोनच्या स्क्रीनवर ठेवते.

उत्तर मिळालं की लगेच बोलून ठेवा. 'रात्री लिहीन' म्हणाल तर रात्री आठवतं ते फक्त इतकंच, की काहीतरी चांगलं सुचलं होतं.

फोनवर बोलण्याचे दोन मार्ग आहेत. एक, साधा रेकॉर्डर. दुसरा, जीबोर्डचा मराठी कीबोर्ड टाकून माइकचं चिन्ह दाबायचं आणि बोलायचं. अक्षरं आपोआप उमटतात. दुसरा मार्ग छान वाटतो, पण दोन अडचणी मला आल्या. स्वल्पविराम-पूर्णविराम नंतर हाताने घालावे लागतात. आणि बोलीभाषा त्याला झेपत नाही. माझं पात्र 'आलं न्हाई व्हय अजून?' म्हणतं आणि स्क्रीनवर भलतंच काहीतरी येतं. मिरजेकडच्या माणसाला पुण्याचं करून टाकतो मेला. म्हणून संवाद रेकॉर्डरवर बोलते, आणि वर्णन, घटना, काय-कुठे-केव्हा हे बोलून टाइप करते.

कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सर चालू असताना दोन्ही बंद ठेवा. अनुभव आहे.

रेकॉर्डिंग साठवत जाऊ नका. आठवड्याला एकदा, शक्यतो शनिवारी, ऐकून कामाचं तेवढं वहीत उतरवा आणि बाकीचं पुसा. माझ्याकडे एकदा १४० रेकॉर्डिंग साठली. ती ऐकायची भीती वाटून महिनाभर मी काहीच लिहिलं नाही.

पायरी तिसरी: एक काम सोडा

इथे बऱ्याच जणांचं घोडं अडतं. दिवस चोवीस तासांचाच आहे. लिखाणाला अर्धा तास आला तर तो कुठून तरी गेला पाहिजे. 'मी सगळं करून लिहीन' हे पहिल्या पंधरवड्यात ठीक वाटतं. नंतर तो अर्धा तास झोपेतून जायला लागतो.

सरकारी आकडेच बघा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, असं दिसलं. पुरुषांचा ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. यातून तीस मिनिटं काढायची तर कोणतं तरी काम एकतर बंद होईल, नाहीतर दुसऱ्याच्या हातात जाईल. आपोआप काही होत नाही. कोणतं काम ते तुम्ही ठरवा, नाहीतर ते तुमच्यासाठी ठरतं.

माझी यादी सांगते. रोजच्या कपड्यांची इस्त्री बंद केली. शाळेचे गणवेश आणि नवऱ्याचा ड्यूटीचा शर्ट तेवढे राहिले. रात्रीची दुसरी भाजी बंद. यावर आठवडाभर ताटं वाजली, मग खिचडी-पापडाचा वार ठरला आणि मुलांना तोच आवडायला लागला. रविवारचे पोहे नवऱ्याकडे गेले. पहिल्या रविवारी त्यांनी पोहे भिजवून ठेवले आणि पेपर वाचत बसले. त्याचा लगदा झाला. मी उठले नाही. ही खरी अवघड गोष्ट आहे बरं का, न उठणं. सोडलेलं काम वाईट झालेलं दिसलं की हात शिवशिवतात. एकदा उठलात की ते काम कायमचं परत तुमचं.

झोप मात्र सोडू नका. पहाटे चारला उठून लिहावं, शांतता असते, असा सल्ला मलाही मिळाला होता. तीन महिने केलं. कथा एक झाली. त्याच तीन महिन्यांत पतसंस्थेच्या रोजकीर्दीत माझ्या हातून दोनदा आकडे उलटे पडले आणि एकदा संध्याकाळी आठपर्यंत सगळा स्टाफ माझ्यासाठी ताळा जुळवत थांबला. ज्याचं शरीर मुळातच पहाटेचं आहे आणि जो रात्री नऊला झोपू शकतो, त्याने खुशाल उठावं. ज्याच्या घरी रात्री साडेअकराला सेकंड शिफ्टचा माणूस जेवायला येतो, त्याने नाही.

पुरुष वाचकांसाठी दोन ओळी. तुम्ही संध्याकाळी खोलीचं दार लोटून लिहायला बसता तेव्हा दाराबाहेर कोण काय करतंय ते एक आठवडा वहीच्या मागच्या पानावर टिपा. दुसऱ्या आठवड्यापासून त्यातलं एक काम घ्या आणि मग बसा. लिखाणाचं नुकसान होत नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक भांडी घासताना नाटकाचे संवाद मोठ्याने म्हणतात. त्यांच्या सूनबाई सांगतात, मामंजी भांडी चकचकीत घासतात, पण खलनायकाचं पात्र असलं की कपाचा कान तुटतो.

पायरी चौथी: घरात सांगा, पण नीट सांगा

मी पहिली दोन वर्षं चोरून लिहिलं. कोणी विचारलं तर "पतसंस्थेचं काम आणलंय." नोकरीच्या कामाला घरात मान असतो, लिहिण्याला नसतो, म्हणून ते सोयीचं होतं. तोटा असा, की कामाला कोणी ना कोणी मदत करायला येतं. नवरा एकदा म्हणाले, "आण इकडे, मी बेरजा करतो." काय दाखवणार?

शेवटी एका रात्री जेवताना सांगितलं. "आई, मी गोष्टी लिहिते. रोज रात्री साडेनऊ ते दहा बसणार आहे. दहाला उठेन."

सासूबाई म्हणाल्या, "मग इतके दिवस बसत होतीस ते काय?"

"तेच."

"मग सांगायला काय झालं होतं तुला? मला वाटलं हिशोब चुकतात तुझे."

यातला 'दहाला उठेन' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. घरच्यांचा विरोध लिहिण्याला क्वचितच असतो. ही बसली की कधी उठेल कळत नाही, याचा त्यांना वैताग असतो. शेवटची वेळ सांगा आणि पाळा. हात रंगात आला असला तरी दहाला उठा. महिनाभर वेळेवर उठलात की साडेनऊला कोणी हाक मारत नाही. शेजारच्या काकू आल्या तर सासूबाईच सांगतात, "दहाला या."

मुलांचं वयाप्रमाणे बदलतं. शाळेत जाणाऱ्यांना घड्याळातला काटा दाखवून सांगता येतं, आणि त्यांच्या अभ्यासाच्या वेळेत समोर बसून आपण लिहिणं हा उत्तम उपाय आहे. आई फोन बघत नाही, आईही लिहितेय, याचा परिणाम होतो. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर वेळापत्रकाच्या नादी लागू नका. ते झोपलं की एक ओळ लिहा, एवढाच नेम. त्या काळातल्या माझ्या वहीत ओळी आहेत, कथा नाहीत. पुढे त्या ओळींतूनच दोन कथा निघाल्या.

ज्येष्ठ माणसांना कामाला लावा. सासूबाईंचं माहेर जतकडचं. मी त्यांना शब्द विचारायला लागले. धान्य ठेवायचं ते बळद कसं असायचं, कणगी कशाची विणायची, फडताळात काय काय ठेवायचे, घंगाळात पाणी किती मावायचं. त्या एक शब्द विचारला की अर्धा तास बोलतात. आता कॅलेंडरवर दोन दिवस 'लि' पडला की त्याच विचारतात, "का गं, आजारी आहेस?"

काही घरांत सांगणं शक्य नसतं, तेही मला माहीत आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपलं आत्मकथन आपल्या दुकानात बसून लिहिलं आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून वीस वर्षं लपवून ठेवलं. १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आलं. लपवून लिहिण्यात गोड काही नाही, त्यामुळे मी त्याचं कौतुक करत बसत नाही. पण तुमची गत तशी असेल तर व्यवहाराचं सांगते: वही घरात ठेवू नका. ऑफिसचा ड्रॉवर, मैत्रिणीचं कपाट, बचत गटाच्या कागदांची पिशवी. फोनवर लिहीत असाल तर ज्या फोनचं लॉक घरात सगळ्यांना माहीत आहे त्यावर लिहू नका.

पायरी पाचवी: जागा आणि सामान

यावर फार वेळ घालवू नये. टेबल आलं की लिहीन, लॅपटॉप घेतला की लिहीन, ही टाळाटाळ आहे. मी कणकेच्या डब्यावर वही ठेवून लिहिलेलं आहे. फक्त तीन गोष्टी पाळा. वही पर्समध्ये मावेल अशी असावी, आणि एका वेळी एकच. तीन वह्या असल्या की हवी ती कधीच जवळ नसते. पेन दोन. आणि जे काही टाइप कराल त्याची प्रत दुसरीकडे ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. रोज उठायच्या आधी त्या दिवसाचा मजकूर तिथे टाकायचा. माझा फोन एकदा धुण्याच्या बादलीत गेला. कथा वाचली, फोन नाही.

पायरी सहावी: रोज थोडं विरजण ठेवा

अर्धा तास हातात असला की त्यातली पहिली पंधरा मिनिटं 'काल कुठे होतो' यात जातात. उरलेल्या पंधरांत दोन ओळी होतात, तिसरीला दहा वाजतात. वेळ कमी असलेल्या माणसाचा हा खरा शत्रू. यावर मला सापडलेला उपाय दह्यातला आहे.

दही संपवताना आपण तळाशी चमचाभर ठेवतो. उद्याचं दही त्यावर लागतं. तसं लिहिताना आतलं सगळं संपवून उठू नका. दहाला पाच कमी असताना थांबा आणि पुढे काय येणार ते एका ओळीत लिहा, अगदी साध्या बोलीत: 'आता वहिनी दाराशी येते पण कडी काढत नाही, खालच्या फटीतून चपला बघते.' दुसऱ्या दिवशी या ओळीवरून हात थेट सुरू होतो. वाक्य अर्धवट तोडलं तरी चालतं. मला तर तेच जास्त लागू पडतं, कारण अर्धं वाक्य दिवसभर टोचत राहतं आणि नळाच्या पाण्यावर पूर्ण होतं.

दुसरं, काम वेगवेगळं ठेवा. निवडणं, चिरणं आणि फोडणी आपण एकदम करत नाही. रात्रीच्या अर्ध्या तासात फक्त पुढे लिहायचं. मागचं वाचायचं नाही, शब्द बदलायचे नाहीत, शुद्धलेखन बघायचं नाही. बसमध्ये उभ्याने वाचता येतं, तेव्हा मागचं वाचायचं आणि खुणा करायच्या. क्लासबाहेरच्या तासात, जो आठवड्यातला सोन्यासारखा तास आहे, त्या खुणांप्रमाणे दुरुस्त्या करायच्या. कोणत्या वेळेत कोणतं काम हे एकदा बसलं की विचार करावा लागत नाही.

रोज किती? माझं माप १५० शब्द. वहीचं जेमतेम एक पान. २०० ठेवलं तेव्हा खाडे वाढले, १०० ठेवलं तेव्हा सूर लागायच्या आत संपायला लागलं. तुमचं माप महिनाभरात तुम्हाला कळेल.

पायरी सातवी: वर्षाचं गणित कॅलेंडरवर मांडा

रोज १५० शब्द आणि महिन्याला दहा खाडे धरले (धराच), तर वीस दिवसांत ३,००० शब्द. ही एका बेताच्या कथेची पहिली प्रत झाली. दुसरी प्रत करायला आणखी महिना, टाइप करून तपासायला पंधरा दिवस. म्हणजे एका कथेला अडीच महिने. वर्षाला तीन कथा होतात, चौथीचा हट्ट धरू नये.

पण आपलं वर्ष सपाट नसतं. फेब्रुवारी-मार्चला मुलांच्या परीक्षा. मे महिन्यात पाहुणे, लग्नं, लोणची-पापड. श्रावणात उपास आणि पूजा, मग गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळीचा फराळ. कॅलेंडर हातात आलं की जानेवारीतच या दिवसांवर आधीच 'लि' मारून टाका. गौरीच्या तीन दिवसांत लिहिलं नाही म्हणून मी पूर्वी कुढत बसायची. आता तो खाडा आधीच लिहिलेला असतो.

उरलेले महिने मोठे निघतात. जून उजाडला, शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला, पाहुणे थांबले की श्रावणापर्यंतचा काळ माझा सगळ्यात भरघोस असतो.

दिवाळी अंकासाठी लिहायचं असेल तर उलटं मोजा. मराठीत ही परंपरा १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाच्या अंकापासून चालत आली आहे, आणि आज शेकडो अंक निघतात. नव्या लेखकाला दार उघडं असलेली ही मोठी जागा. पण अंक दिवाळीत दिसतो म्हणून कथा दिवाळीच्या तोंडावर पाठवून उपयोग नाही. निवड, चित्रं, जुळणी, छपाई याला महिने लागतात. बरेच अंक उन्हाळ्यातच आवाहन करतात आणि जून-जुलैत साहित्य मागतात. म्हणजे पहिली प्रत एप्रिलअखेर हवी, म्हणजे सुरुवात फेब्रुवारीत हवी, आणि फेब्रुवारीत परीक्षा. म्हणून मी कथा दिवाळी संपल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास सुरू करते. डबे तेवढेच असतात, पण घर शांत असतं.

अधिक महिना बघून ठेवा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. सण पुढे गेले म्हणून लिहायला महिना जास्त मिळाला असं वाटेल. ज्यांच्या घरी जावई आहेत त्यांनी अधिकाच्या वाणाचे आणि अनारशांचे दिवस त्यातून वजा करावेत.

पायरी आठवी: दुसरी प्रत, टायपिंग, पाठवणं

पहिली प्रत झाली की पंधरा दिवस वही मिटून ठेवा. मग मोठ्याने वाचा. घरात लाज वाटत असेल तर गच्चीवर वाळवणाला राखण बसून वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे खूण.

टाइप युनिकोडमध्येच करा, म्हणजे अक्षरं कोणाच्याही फोनवर किंवा संगणकावर तशीच दिसतात. फोनच्या मराठी कीबोर्डवर जे उमटतं ते युनिकोडच असतं, त्यामुळे वेगळं काही शिकावं लागत नाही. गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेणार असाल तर आधी विचारा, कारण तिथे अजून जुने फॉन्ट असतात आणि ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की 'वहिनी'ची नुसती रांगोळी होते. एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा. पाठवल्याची तारीख वहीत लिहा. नंतर महिन्यातून चारदा फोन करून विचारू नका. त्या वेळात पुढची कथा सुरू करा.

पाठवायच्या आधी घरातल्या नात्यांचा विचार करा. माझ्या एका कथेतली जाऊ माझ्या जावेने ओळखली. मी नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, पण कथेतली जाऊ आमटीत गूळ घालायच्या आधी बोटाने चव बघते, ते तसंच राहिलं होतं. सहा महिने बोलणं बंद. तेव्हापासून एका पात्रात मी निदान तीन माणसं कालवते. आणि जिचा प्रसंग फार जवळचा आहे तिला छापायच्या आधी वाचायला देते. दोघींनी होकार दिला, एकीने नाही. ती कथा वहीतच आहे.

मोठा खाडा पडला तर

पडतोच. गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सात आठवडे कॅलेंडरवर सलग 'लि' होते. शेवटी शेवटी तर 'लि' लिहायचंही राहून गेलं.

अशा वेळी परत बसताना दोन चुका होतात. एक, बुडालेलं भरून काढायचं ठरवणं. दूधवाला कालच्या खाड्याचं दूध आज दुप्पट देत नाही, तसं आपणही द्यायचं नाही. १५० म्हणजे १५०. दुसरी चूक, सगळं मागचं वाचून काढणं. सात आठवड्यांनी आपलंच लिहिलेलं परक्याचं वाटतं, आणि बहुतेक वेळा वाईट वाटतं. मग माणूस नवीन काहीतरी सुरू करतो आणि जुनं कायमचं राहतं.

मी असं करते. पहिल्या दिवशी फक्त शेवटचं पान समोर ठेवून नव्या पानावर जसंच्या तसं उतरवून काढायचं. एकही शब्द बदलायचा नाही, पुढे जायचं नाही. दहाला उठायचं. दुसऱ्या दिवशी शेवटचा परिच्छेद परत उतरवायचा आणि विरजणाची ओळ असेल तर तिच्यापुढे एक वाक्य. तिसऱ्या दिवशी माप अर्धं, ७५ शब्द. चौथ्या दिवसापासून नेहमीचं.

त्या वेळी सासूबाई पलंगावर आणि मी त्यांच्या पायाशी बसून पान उतरवत होते. त्यांनी विचारलं, "नवीन आहे का?" म्हटलं, "नाही आई, जुनंच परत लिहितेय." "मग आज लि मांडायचा का नाही?" त्यावर आमचा बराच वाद झाला. नक्कल हे लिखाण धरायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. त्या तारखेवर पेन्सिलीने अर्धा 'लि' आहे, नुसती वेलांटी.